खाडाखोड चालली असती

रविवार, मे महिन्यातला शेवटचा. तुझा दहावा. सकाळी साडेदहा, गावातलं तुझं घर, पुढची पडवी.

हजर: तुझी आई, भिंतीला टेकून बसलेली. तुझा भाऊ हरेश, सकाळचे विधी उरकून, केस काढून आलेला. तुझे मिस्टर जयेंद्र, बंदरातल्या पाळ्या बदलून घेतलेले. तुझी लेक प्राची, वय सोळा, दहावीचा निकाल लागून तीन आठवडेही झाले नाहीत. मार्केटमधल्या सहा जणी. या सहा जणींनी दहा दिवस तुझा मासळीचा ओटा रोज सकाळी धुतला आणि त्यावर कुणाला टोपली टेकू दिली नाही. शिवाय पाहुणे, अंदाजे चाळीस. आणि मी, शैला, अकरावीपासूनची तुझी मैत्रीण.

गैरहजर: तू. कारण कळवलेलं नाही.

हे वाचून तू म्हणाली असतीस, "शैले, माझ्या दहाव्यालापन हजेरी घेतलीस?" घेतली, भारती. घाबरले किंवा रागावले की मी यादी करते, हे तुला तीस वर्षं माहीत आहे. आज मी घाबरलेली नाही.

आधी साधा राग सांगते, म्हणजे मोठ्याकडे यायला बरं पडेल. तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचा तक्ता मी करून दिला होता. सकाळची कुठली, रात्रीची कुठली, संपायच्या किती दिवस आधी आणायची. तो तुझ्या बर्फाच्या पेटीच्या झाकणावर चिकटवला. आठवड्यात म्हणालीस, कागद भिजला. मग मी लॅमिनेट करून आणला. पुढच्या बुधवारी आले तर तू त्याच्यावर लिंबं कापत होतीस. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "लय गुळगुळीत हाय गं, धुवायला बरं पडतं."

गिऱ्हाइकांच्या पोरांना तू मासा उघडून दाखवायचीस. "ह्ये बघ, माशाचं हृदय पोटात नसतं, हितं कल्ल्यांच्या मागं असतं. दोनच कप्पे. आपल्याला चार." पोरं डोळे मोठे करायची. चार होते ना तुला? मग चार कप्प्यांची बाई त्या शुक्रवारी सकाळी हातातला कोयता खाली ठेवून, "जरा बसते," म्हणून बसली आणि उठलीच नाही, असं कसं चालेल? गोळ्यांचं पाकीट पेटीत सापडलं. अर्धं भरलेलं. मी मोजलं नाही, पण बघितलं.

रविवारी पडवीत जो येत होता तो एकच म्हणत होता. शांत होती हो. कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी चहाचे कप गोळा करत होते, नाहीतर कुणालातरी सुनावलं असतं. तू शांत? सीवूड्सच्या टॉवरमधली ती बाई पापलेट दाबून दाबून बघत होती, तेव्हा कोण म्हणालं होतं, "ताई, मासा हाय, आंबा नाय. दाबून पिकत नाय"? आख्खं मार्केट हसलं होतं. तुला उलट बोलता येत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

मला मात्र तू कधी उलट बोलली नाहीस. हे मला रविवारी साडेअकरा वाजता कळलं, आणि तेव्हापासून मी धुमसते आहे.

कसं कळलं, ते क्रमाने लिहिते.

खारघरला आमच्या सोसायटीत दर जूनमध्ये दहावी पास झालेल्या मुलांचा गुणगौरव असतो. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, सामोसा आणि एका पाहुण्याचं न संपणारं भाषण. सेक्रेटरी मी. यंदा मी भाषण रद्द केलं आणि त्याऐवजी छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. आठ मोठ्या माणसांनी एकेक पान लिहायचं: कॉलेजला निघालेल्या सोळा वर्षांच्या मला. सात जण सोसायटीतले, मला धरून. आठवी तू. कमिटीत एकाने विचारलं, "मॅडम, त्या बाहेरच्या ना? आणि मासेवाल्या ना?" मी म्हटलं, "हो, आणि त्यांनी निवडलेला मासा तुम्ही दर रविवारी खाता." तो विषय तिथेच मिटला.

माझं पान दोन दिवसांत तयार झालं. बावीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीमागे बसते मी, मला सुचायला कितीसा वेळ लागणार? एकवीस मुद्दे. फॉर्म काळ्या पेनाने भर. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. वाचनालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढ, नंतर रांग वाढते. तिसऱ्या बाकावर बस, पहिल्यावर नको. तुला दाखवायला मी एका बुधवारी दुपारी मार्केटमध्ये आले, गर्दी सरल्यावर. तुझे हात ओले, म्हणून कागद मी धरला आणि तू मान वाकडी करून वाचत गेलीस.

"एकवीस? पोरांना अक्कल देतेस का गनपतीला दूर्वा वाहतेस?"

"वाच तर."

"तीन झेरॉक्स. ही पोरगी कॉलेजला चालली का रुखवत घेऊन सासरी?"

"भारती, वाच गप."

नवव्या मुद्द्यावर तू थांबलीस. नववा मुद्दा असा होता: आपला निर्णय आपण घ्यायचा, दुसऱ्याला घेऊ द्यायचा नाही. तू हसायला लागलीस. इतकी हसलीस की शेजारच्या ओट्यावरच्या जानकीने विचारलं, "काय झाला गो?" तू डोळे कोपराने पुसत म्हणालीस, "काय नाय. शैलाचा नववा मुद्दा लय भारी हाय."

मला बरं वाटलं. घरी जाऊन मी नववा मुद्दा ठळक केला.

चौदावा तू मोठ्याने वाचलास. पहिल्या दिवशी रांगेत जी मैत्रीण भेटते तिला धरून ठेव. कोळंबीचा एक वाटा पिशवीत घातलास, न मागता.

"तुझं पान कधी देतेस?" मी विचारलं.

"माझी एकच ओळ हाय."

"मग सांग आत्ता, मी लिहून घेते."

"आता नको. आता हात ओले हायत."

त्यानंतर मी तुला सहा वेळा आठवण करून दिली. सहाही वेळा तू फोनवर अंगठा पाठवलास.

आता तो दिवस. म्हणजे मी तीस वर्षं सांगत आले ती गोष्ट. तुझ्या हळदीला सांगितली, माझ्या खारघरच्या घराच्या वास्तुशांतीला सांगितली, प्राचीच्या बारशाला सांगितली. आता एकदा तुलाच सांगते, कारण ऐकणाऱ्यांत तू कायम होतीस आणि मी तुझ्याकडे कधी पाहिलं नाही.

वाशीचं कॉलेज. अकरावीचे फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस, खिडकी एकला बंद. सानपाड्याहून मी आले होते, सोळा वर्षांची, प्लॅस्टिकच्या फोल्डरसकट. माझ्या मागे तू. मार्कशीट पोळीसारखी गुंडाळून मुठीत धरलेली. ओळख व्हायला दहा मिनिटं लागली. तुझ्या फॉर्मसोबत प्रकल्पग्रस्ताचा दाखला लागणार होता, वडिलांच्या नावचा, शहर वसवायला जमीन गेलेल्यांचा, आणि तो तू घरी विसरली होतीस. तू फॉर्म माझ्या हातात दिलास, "जागा धर गं," म्हणालीस आणि गावाकडच्या बससाठी पळालीस.

बाराला तू नाहीस. साडेबाराला नाहीस. रांग पुढे सरकते आहे. तुझा फॉर्म मी उघडला. नाव, पत्ता, शाळा, सगळं भरलेलं. एकच जागा रिकामी: शाखा. मी विचार केला. घरचा धंदा आहे, कॉमर्स उपयोगी पडेल. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, क्लास लावावे लागतात, ही गावातून येणार, कसं जमवणार? मी माझं पेन काढलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: वाणिज्य.

एकला पाच मिनिटं असताना तू धापा टाकत आलीस. दोघींचे फॉर्म खिडकीत गेले. मी नसते तर हिचं ॲडमिशनच झालं नसतं. इथे मी थांबायचे आणि मग शेवटचं वाक्य टाकायचे: "आणि एवढं सगळं झाल्यावर ही बया खिडकीवर विचारते काय, तर मॅडम, खाडाखोड चालते का!" सगळे हसायचे. मी पुढे म्हणायचे, "मी म्हटलं, अगं कशाला खाडाखोड, इतका स्वच्छ फॉर्म भरलाय." परत हशा. आणि तू, भारती, तू त्यात भर घालायचीस. "आनि घाम पुसायला रुमालपन हिचाच." प्रत्येक वेळी. मी एखादा तपशील विसरले तर तू पुरवायचीस.

रविवारी मी निघाले तेव्हा हरेशने मला पडवीच्या कोपऱ्यात बोलावलं. "शैलाताई, हा तिच्या चष्म्याच्या डब्यात होता. तुमचं नाव हाय वर. आमी कोनी उघडला नाय." वहीचा कागद, चार घड्या. वर लिहिलेलं: शैलाला देने, पुस्तकासाठी. मी तिथेच उभी राहून वाचला. तू लिहिलंस तसाच इथे उतरवते.

"सोळा वर्षांच्या भारतीस. शैला बोलते लिही, म्हनून लिहिते. माझ्याकडे एकवीस नाहीत, एकच हाय. दाखला आनायला जाशील तेव्हा फॉर्म संगती ने. शैलाच्या हातात देऊ नको. ती वाईट नाय. तिला रिकामी जागा बघवत नाय, भरून टाकते. पन ती जागा तू विसरली नव्हतीस, तू ठेवली होतीस. वाटेत विचार करून सायन्स लिहायचा का, बाबांना विचारून लिहायचा, म्हनून. बसमधे तू बाबांना काय सांगायचं ते पाठ केलं आनि बाबा हो बोलले. मग खिडकीवर बोलायचं होतंस. ती मॅडम बोलली होती, खाडाखोड चालते, बाजूला सही कर. तू गप बसलीस, कारन तिने एवढ्या मायेने लिहिलं, तिला वाईट वाटंल. बोलली असतीस तर ती एक दिवस रुसली असती. एक दिवसासाठी एवढं गप बसायचं नसतं. बाकी तुझं बरं चाललंय. मासे चांगले कापतेस."

बस, एवढंच. खाली नाव नाही, तारीख नाही.

आता मी बोलते. मध्ये बोलू नकोस, तशीही तू बोलत नाहीस.

बोलायचं होतंस. त्या दिवशी नाही जमलं, मान्य, सोळाव्या वर्षी नाही जमत. पण दुसऱ्या दिवशी? पहिल्या आठवड्यात शाखा बदलून मिळते, हे मला आता माहीत आहे, मी दर वर्षी पन्नास पोरांची बदलून देते. बारावीत दोनदा अडकलीस, तेव्हा बोलायचं होतंस. तेव्हा मी काय केलं? तुला अभ्यासाचं वेळापत्रक करून दिलं. रंगीत. म्हटलं, तुझे प्रयत्न कमी पडतात. तिसऱ्यांदा तू परीक्षेला बसलीच नाहीस, आईच्या ओट्यावर जाऊन बसलीस, आणि मी महिनाभर तुझ्याशी नीट बोलले नाही, कारण मला वाटलं तू माझ्या मेहनतीवर पाणी फिरवलंस. माझ्या मेहनतीवर. तेव्हा एक शिवी दिली असतीस तर आपण दोघी मोकळ्या झालो असतो.

मासे विकण्यात काही कमी आहे, असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलेलं मला खपणार नाही. तुझ्यासमोर रांग लागायची, डॉक्टरपासून रिक्षावाल्यापर्यंत. कदाचित सायन्स करूनही तू तिथेच येऊन बसली असतीस. पण मग स्वतः चालत आली असतीस. तीस वर्षं मी सांगत राहिले की मी तुला पोचवलं, आणि कुठे पोचवलं हे तू मला कळू दिलं नाहीस.

आणि मला कळायला नको होतं का? हाही राग आहेच, तो कुठे टाकू? माझ्या भाच्याची बारावी झाली तेव्हा त्याचं जीवशास्त्राचं पुस्तक तू मागून नेलंस. "प्राचीला होईल," म्हणालीस. प्राची तेव्हा चौथीत होती. मी मनात म्हटलं, काय दूरदृष्टी आहे बाईची. ते पुस्तक रविवारी मी तुझ्या कपाटावर पाहिलं. पानांना हळदीचे डाग आणि मिठाचा वास. दोन कप्प्यांचं हृदय तिथून आलं होतं. दहावीत सायन्सच्या बाई वर्गासमोर मासा तुझ्याकडून उघडून घ्यायच्या, हे तू मला त्या रांगेतच सांगितलं होतंस, पहिल्या दहा मिनिटांत. मी ऐकलं होतं. ऐकून वाणिज्य लिहिलं.

ती खिडकीवरची मॅडमही मला आठवते आहे आता. "चालते, बाजूला सही कर." म्हणाली होती. खरंच म्हणाली होती. गोष्टीतून मी तिचं वाक्य गाळून टाकलं, कारण त्याने हशा कमी पडायचा. आज मी त्याच जागेवर बसते. पोरगी उभी असते आणि बाप बोलत असतो. मी बापाला म्हणते, "तुम्ही थांबा जरा, तिला बोलू द्या." ऑफिसात माझं या वाक्यावरून नाव आहे. तू हसलीस नवव्या मुद्द्यावर, ते मी आता ऐकते आहे आणि मला ते हसू बंद करता येत नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूने लिहायलाच हवी, नाहीतर ही नोंद खोटी होईल.

माझे वडील गेले तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. तू आमच्या सानपाड्याच्या दोन खोल्यांत अकरा दिवस येत राहिलीस. घरात माणसं मावत नव्हती आणि प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक योजना होती. मामा म्हणाले, नोकरी धर. काकू म्हणाली, लग्न कर. आईने तर बोलणंच सोडलं होतं. तू वरण लावायचीस, भांडी घासायचीस आणि निघताना उंबऱ्याशी मला विचारायचीस, "तुला काय पायजे?" मी म्हणायचे, काही नको. दुसऱ्या दिवशी परत, त्याच जागी, "तुला काय पायजे?" सातव्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, मला परीक्षा द्यायचीय. तू म्हणालीस, "बरं." इतकंच. दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं तू गादीखालून काढून टेबलावर ठेवली होतीस, आणि मामांना चहा देताना म्हणालीस, "मामा, ती परीक्षा देतेय, जरा हळू बोला."

तेव्हा तुझ्या स्वतःच्या परीक्षेचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्या हाताने.

हे कर्ज वगैरे मी म्हणणार नाही, तुला तसले शब्द आवडायचे नाहीत. पण सात दिवस एकच प्रश्न विचारत राहणं आणि उत्तर आपल्या पदरचं न देणं, हे मला आजतागायत जमलेलं नाही. ते कुठल्या कॉलेजात शिकवतात, हे तुझ्या पानात लिहायला काय झालं होतं?

आता जे चाललंय ते सांगते. प्राचीचा फॉर्म.

आता सगळं ऑनलाइन. पहिला भाग नाव-गावाचा, तो भरून झालाय. दुसरा भाग पसंतीचा, दहा कॉलेजांचा क्रम, शाखेसकट. पासवर्ड माझ्या डायरीत, कारण प्राचीने निकालाच्या दिवशीच तो मला दिला. माझा तक्ता तयार होता: दहा कॉलेजं, घरापासून अंतर, मेट्रो की बस, मागच्या वर्षी कितीवर प्रवेश बंद झाला ते. सगळीकडे सायन्स. मार्क चांगले आहेत पोरीला, का सोडायचं? त्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं, तू जायच्या दोन दिवस आधी, बुधवारी.

तू म्हणालीस, "तिला इचार."

"विचारलं. 'तू सांग मावशी' म्हणते."

"मंग परत इचार."

"अगं, तिला नाही कळत. सोळा वर्षांची आहे."

"आपन किती वर्षांच्या होतो?"

"म्हणूनच सांगते ना. आपल्याला तरी काय कळत होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. बरंच बघितलंस. मग म्हणालीस, "शैले, इचारायचं. मंग थांबायचं. मंग परत इचारायचं. तुझा इचारून होतो, थांबायचा राहतो."

"भारती, शेवटची तारीख आहे त्याला."

"तारखेला जाऊ दे गं खड्ड्यात." आणि गिऱ्हाईक आलं. बांगडा हवा होता त्याला. मी घड्याळ बघून निघाले. निघाले म्हणजे पाय आपटत निघाले. तू मागून ओरडलीस, "पिशवी राहिली!" मी परत येऊन पिशवी घेतली आणि तुझ्याकडे न बघता गेले. आपलं शेवटचं बोलणं पिशवीवर झालं.

रविवारी कागद वाचून मी दाराशी आले तर प्राची चपला घालून उभी. डोळे सुजलेले, आवाज तुझा. "मावशी, फॉर्मचं तेवढं बघशील ना? पासवर्ड तुझ्याकडंच हाय." मी म्हटलं, "हो, बघते." सवयीने. कागद माझ्या मुठीत होता आणि मी सवयीने हो म्हटलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी फॉर्म उघडला. दहा रिकाम्या जागा. खरं सांगते, भारती, माझा हात माऊसवर गेला. आणि तुला वाटेल आता हिला शहाणपण आलं असेल. नाही. मला त्याहून वाईट सुचलं. मला वाटलं, आईचं राहिलेलं सायन्स लेक पूर्ण करील. किती छान वाक्य आहे बघ. गुणगौरवात म्हटलं तर टाळ्या पडतील, दोघीतिघी डोळे पुसतील. आणि फॉर्म पुन्हा मीच भरलेला असेल, या वेळी तुझ्या नावाने. पहिल्या जागेत मी कॉलेजचं नाव टाकलंसुद्धा. मग खोडलं. ऑनलाइन खोडायला सही लागत नाही. माझा तक्ता होता तो फोनमधून काढून टाकला, कारण असला की वापरला जाईल. दहा रिकाम्या जागांकडे बघत मी अर्धा तास बसले. तू लिहिलंस ते बरोबर आहे, मला बघवत नाही. पण बसले.

आज सकाळी प्राचीचा फोन आला. "मावशी, भरलास?"

"नाही."

"का? काय प्रॉब्लेम हाय का?"

"तुला काय पाहिजे, प्राची?"

"तू सांग ना."

मी थांबले. किती वेळ थांबायचं असतं, हे तू सांगितलं नाहीस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ केली. पलीकडे मार्केटचा आवाज येत होता. पोरगी तुझ्या ओट्यापाशी उभी होती बहुतेक.

"मावशी?"

"आहे मी. तुला काय पाहिजे?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आईला काय पायजे होतं? म्हंजे तिच्या वक्ताला. ती मला कधी बोलली नाय. तुला ठाव असंल."

ठाऊक आहे. दोन दिवसांपासून ठाऊक आहे. तुझ्या अक्षरात, चार घड्या घालून, माझ्या पर्समध्ये आहे. तो कागद प्राचीने वाचला की तिला कळेल की खिडकीशी बोलायचं असतं, रुसणाऱ्याला रुसू द्यायचं असतं. तेच तिला हवं आहे, आणि ते तिला फक्त तुझ्याकडून कळेल, माझ्या एकवीस मुद्द्यांतून नाही. आणि त्याच कागदातून तिला हेही कळेल की ज्या मावशीला ती पासवर्ड देते त्या मावशीने तिच्या आईचं काय केलं. सोळा वर्षांत त्या पोरीने माझ्यावर एकदाही शंका घेतलेली नाही. तिच्या बारशाला ती गोष्ट सांगून मी सगळ्यांना हसवलं होतं. ती पाळण्यात होती.

मी तिला म्हटलं, "फोनवर नको. मी येते."

"कधी?"

"येते."

तू माझ्यावर एक दिवस रुसायची वेळ येऊ दिली नाहीस. तिला ती वेळ द्यायला हवी, हे मला कळतं. ती दिवसभर रुसेल की तीस वर्षं, ते तिने ठरवायचं. हे लिहिताना सोपं वाटतंय. मार्केटमध्ये तिच्यासमोर उभं राहून पर्सची चेन उघडायला ते सोपं नसेल. आणि मला अजूनही राग आहे की हे काम तू माझ्यावर टाकून गेलीस. कागद तिच्याच नावाने ठेवायचा होतास. पण तू वर माझं नाव लिहिलंस, आणि घाईत लिहिलेलं तुझं अक्षर मला ओळखता येतं. हे घाईतलं नाही.

पुस्तिकेतून माझं पान मी काढलं. एकवीसही मुद्दे. बाकीची सहा पानं तयार आहेत, आणि तुझं छापायचं की नाही हे मी ठरवणार नाही.

आज मंगळवार, संध्याकाळचे पाच. डायरीत आज चार कामं होती. सभागृहाची परवानगी: झाली. सहा पानं छापखान्यात: गेली. मार्केटमधल्या सहा जणींना निरोप, की ओटा अजून काही दिवस तसाच ठेवा: दिला. चौथं: प्राचीला कागद देणे.

फॉर्म गुरुवारी संध्याकाळी सहाला बंद होतो. दहा जागा रिकाम्या आहेत, मी हात लावलेला नाही. चौथ्या कामापुढचा चौकोनही रिकामा आहे.